नग किती, कोटी किती, आणि करार संपल्यावर आपल्या हातात काय?

संरक्षण खरेदीची बातमी आपल्याकडे दोनच आकड्यांत येते. किती नग आणि किती कोटी. मग कमेंटमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, बाहेरून घ्यायचंच कशाला? दुसरा म्हणतो, आपल्याला जमत नाही ना, मग घ्या आणि गप्प बसा. मला दोन्ही पटत नाही. नाशिकमध्ये राहून तर अजिबातच पटू नये, कारण परदेशी करारांवर आपल्या जिल्ह्यातली हजारो घरं साठ वर्षं उभी आहेत आणि त्या करारांतलं बरंवाईट आपण जवळून पाहिलंय.

माझी अंबडला छोटी मशिनशॉप आहे. व्हीएमसी, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीन, आणि त्यावर दुसऱ्यांच्या ऑर्डरीचं जॉबवर्क. विमानाचे सुटे भागही अधूनमधून केलेत. त्या अनुभवावरून आणि जे वाचतो त्यावरून एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. परदेशाशी करार करावे लागणारच, जगातला कुठलाही देश सगळं एकट्याने करत नाही. पण कराराची किंमत नगांवर ठरवू नये. करार संपल्यावर ती वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते का, तिच्यात बदल करता येतो का आणि पुढची स्वतः बनवता येते का, यावर ठरवावी. हे मागायला आपण कमी पडतो. काही बाबतीत तर मागणंच सोडून दिलंय.

आपल्या जिल्ह्यातल्या ओझरचंच घ्या. १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत युनियनकडून मिग-२१ हे लढाऊ विमान घ्यायचं आणि ते इथेच बनवायचं ठरवलं. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. १९६४ पासून ओझरला एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) कारखाना आहे. आजही जुनी माणसं 'ओझर मिग'ला जाऊन येतो असंच म्हणतात. मिग-२१ देशात सहाशेहून जास्त बनली, शेवटच्या विमानांना २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निरोप दिला. मिगच्या मागोमाग सुखोई हे रशियन लढाऊ विमान आलं. एकूण २७२ सुखोई-३० एमकेआयपैकी २२२ ओझरची. हे विमान म्हणजे आंतरराष्ट्रीय सहकार्याचा चालताबोलता नमुना आहे: सांगाडा रशियन, काही उपकरणं फ्रेंच आणि इस्रायली, मिशन कॉम्प्युटर भारतीय.

आता यातली मेख. सुखोई 'कच्च्या मालापासून' ओझरला बनतं हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. पण टायटॅनियमचे ठोकळे, अॅल्युमिनियमच्या प्लेट, फोर्जिंग (ठोकून घडवलेले भाग) हा कच्चा माल रशियाकडूनच घ्यायचा, असं करारातच होतं. म्हणजे कापणार, घासणार, जोडणार आपण, पण ठोकळा कुठून आणायचा ते ठरवणार ते. त्यावर, रशियातून तयार विमान आणलं असतं तर स्वस्त पडलं असतं, असं दिल्लीत बरेच जण म्हणत. हिशेब बरोबर असेल, पण अर्धाच आहे. लढाऊ विमान चाळीस वर्षं वापरायचं असतं. ठरावीक तासांनी ते पूर्ण उघडून ओव्हरहॉल करावं लागतं. आज सुखोईचं ओव्हरहॉल ओझरलाच होतं, एचएएलमध्ये आणि हवाई दलाच्या ११ बेस रिपेअर डेपोमध्ये. हे काम दर वेळी परदेशात पाठवायचं म्हटलं असतं तर ते स्वस्त विमान किती महाग पडलं असतं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

त्याहून मोठी गोष्ट ब्रह्मोस क्षेपणास्त्राची. १९९८ मध्ये भारत-रशियाने मिळून ब्रह्मोसची कंपनी काढली. नावात ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन्ही नद्या आहेत आणि भांडवलात आपला वाटा ५०.५ टक्के. हे अडीच टनांचं क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली लावायचं ठरलं तेव्हा विमानात जे फेरफार करावे लागले ते ओझरला झाले. जून २०१६ मध्ये असं विमान इथूनच पहिल्यांदा उडालं. २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर त्याने पहिलं क्षेपणास्त्र सोडलं. दुसऱ्याने डिझाइन केलेल्या विमानाच्या पोटाखाली एवढं वजन टांगायचं तर त्याची हाडं कुठे किती ताण घेतात हे माहीत असावं लागतं. वर्षानुवर्षं तेच विमान बनवल्याशिवाय ते कळत नाही. मला हवंय ते सहकार्य हे.

आता नको असलेलं सहकार्य सांगतो. काही वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीच्या पुरवठादाराकडून आमच्याकडे एका ब्रॅकेटचं काम आलं. ऑफसेटचं काम होतं. ऑफसेट म्हणजे काय ते थोडक्यात: २००५ मध्ये सरकारने नियम केला की परदेशी कंपनीला मोठी ऑर्डर मिळाली तर किमतीच्या किमान ३० टक्के काम किंवा गुंतवणूक भारतात करायची. सुरुवातीला ३०० कोटींच्या वरच्या करारांना हा नियम होता, पुढे ती मर्यादा २,००० कोटी झाली. कल्पना चांगलीच होती.

तर तो ब्रॅकेट. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढायचा, आत खोल पॉकेट (खळगा) आणि पॉकेटच्या कोपऱ्यात अगदी बारीक रेडियस (कोपऱ्याची गोलाई). बारीक रेडियस म्हणजे बारीक आणि लांब टूल, आणि लांब टूल खोलात गेलं की थरथरतं. भिंतीवर रेघा उठतात, पीस रिजेक्ट. आम्ही लिहून विचारलं, रेडियस एक मिलिमीटरने वाढवली तर चालेल का, दुसरं टूल वापरू, वेळ निम्मा होईल. खूप दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ड्रॉइंगप्रमाणे करा. का, ते नाही. कदाचित तिथे खरंच काही बसत असेल, कदाचित नसेलही. तो भाग विमानात कुठे जातो, त्यावर किती भार येतो, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि सांगण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी करून, टूल बदलून ते पीस पास करून दिले. पुढे त्यांचं ऑफसेटचं क्रेडिट (अट पाळल्याची सरकारी नोंद) पूर्ण झालं आणि ऑर्डर बंद पडली. आमच्याकडे राहिली फिक्श्चर, म्हणजे पीस पकडून ठेवायची साधनं. आपल्या भाषेत सांगायचं तर बाग लावून घेतली, पण छाटणी कधी, कुठे आणि का करायची ते शिकवलंच नाही.

हे फक्त माझं रडगाणं नाही. २०२० च्या अहवालात कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, स्पष्ट लिहिलंय की २००५ ते २०१८ मध्ये ६६,४२७ कोटींचे ४६ ऑफसेट करार झाले. त्यातलं १९,२२३ कोटींचं काम डिसेंबर २०१८ पर्यंत व्हायला हवं होतं, झाल्याचं सांगितलं गेलं ११,३९६ कोटींचं, आणि त्यातलंही निम्म्याहून कमी मंत्रालयाने मान्य केलं. यावर उपाय काय केला? नियम कडक करायचे सोडून त्याच वर्षीच्या नव्या खरेदी पद्धतीत दोन सरकारांमधल्या आणि एकाच विक्रेत्याच्या करारांना ऑफसेटची अटच काढून टाकली. आपले सगळ्यात मोठे करार नेमके याच प्रकारात येतात. युक्तिवाद असा की ऑफसेटमुळे किंमत वाढते. वाढते, मान्य. फी शाळेतही द्यावी लागते, पण शिकवत नाहीत म्हणून कुणी शाळाच बंद करत नाही, मास्तरला जाब विचारतात. मला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि तो बदलावा असं मनापासून वाटतं.

आता देवळालीकडे या. भगूर, देवळाली कॅम्प भागातल्या लोकांना तोफांचे आवाज नवीन नाहीत. तोफखान्याची शाळाच आपल्याकडे आहे. पण या आवाजामागचा इतिहास पाहिला की चीड येते. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्सशी ४१० तोफांचा करार झाला, १,४३७ कोटींचा. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली आणि पुढचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे. जे पाठ नाही ते हे: करारात तंत्रज्ञान हस्तांतरण होतं. तोफ भारतात बनवता यावी म्हणून कागदपत्रं, ड्रॉइंग आपल्याकडे आली होती. पैसे मोजले होते. आणि भानगडीच्या भीतीने त्या कागदांना कुणी हात लावला नाही. १९९९ ला कारगिलमध्ये त्याच तोफांनी शिखरं मोकळी केली, तरीही कपाट बंदच. शेवटी त्या कागदांचा आधार घेऊन जबलपूरला 'धनुष' तोफ तयार झाली, नळी लांब, पल्ला बोफोर्सपेक्षा जास्त. पहिल्या सहा तोफा सैन्याला मिळाल्या एप्रिल २०१९ मध्ये. करारापासून ३३ वर्षं!

दलाली खाल्ली असेल तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण दलालीपेक्षा मोठं नुकसान त्या बंद कपाटाचं झालं, असं माझं ठाम मत आहे. त्यात भर म्हणून संशय आला की आख्खी कंपनी काळ्या यादीत. दक्षिण आफ्रिकेची डेनेल २००५ मध्ये, सिंगापूर टेक्नॉलॉजीज २०१२ मध्ये. दर वेळी चाचण्या पहिल्यापासून. बोफोर्सनंतर परदेशी डिझाइनची नवी मोठी तोफ सैन्यात रीतसर दाखल झाली ती ९ नोव्हेंबर २०१८ ला, आणि तो कार्यक्रम आपल्या देवळालीतच झाला. अमेरिकेची एम-७७७ आणि कोरियाची के-९ वज्र.

यातली वज्र नीट बघण्यासारखी आहे. कोरियन कंपनीचं डिझाइन, लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात बनवली, निम्म्याहून जास्त माल देशी, १०० तोफा मुदतीच्या आधी दिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० ची ऑर्डर निघाली, ७,६२८ कोटींची. म्हणजे नीट कागद केला, एक जबाबदार कंपनी ठरवली आणि मध्ये लुडबुड केली नाही तर परदेशी सहकार्य उत्तम चालतं. दरम्यान पुण्याच्या भारत फोर्ज आणि टाटाबरोबर डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने स्वतःची 'अॅटॅग्ज' तोफ उभी केली. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला. हे आधीच्या पिढीला जमलं नसतं असं मला वाटत नाही. कपाट उघडलं असतं तर जमलं असतं.

आणि आता तेजस, आपलं देशी लढाऊ विमान. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क-१ए पहिल्यांदा उडालं. वर्षाला ८ विमानांची तिसरी लाईन आपल्याकडे आलीय. सुखोईच्या ऑर्डरी संपत आल्यावर ओझरच्या लाईनचं काय होणार ही काळजी होती, ती आता मिटली. मलाही त्या दिवशी खूप बरं वाटलं. पण तेजसचं इंजिन अमेरिकेच्या जीईचं, एफ-४०४. २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये, जवळपास दोन वर्षं उशिरा. कंपनीचं म्हणणं, या प्रकारच्या इंजिनाची लाईन मधे बंद होती, ती पुन्हा सुरू करायला वेळ लागला. मुद्दामहून कुणी अडवलं नाही, तरी विमानं थांबली. आणि मुद्दाम अडवलेलंही आपण पाहिलंय. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तेजसच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरना परत पाठवलं होतं. त्यांनी ते काम इथे पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ ला विमान उडवलं. जे स्वतः शिकलो ते कुणी काढून घेऊ शकलं नाही. इंजिन शिकलो नाही, त्याची वाट बघतोय.

विक्रीच्या बाजूचंही थोडं बोलतो. २०२४-२५ मध्ये आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींची झाली. २०१३-१४ मध्ये ती ६८६ कोटी होती. फिलिपिन्सला ब्रह्मोस गेलं. आनंद आहे, यातलं काही काम उद्या नाशिकला मिळालं तर आणखी आनंद होईल. पण शस्त्र म्हणजे द्राक्षाची पेटी नव्हे. २०१३ मध्ये शस्त्रव्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांत मताला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. मसुदा विकणाऱ्या देशांच्या बाजूने झुकलेला आहे, असा आक्षेप होता. तेव्हा आपण मुख्यतः घेणारे होतो. आज विकणारे झालोय, तर कुणाला विकायचं, कुणाला नाही याचा आपला स्पष्ट नियम असावा आणि निदान संसदेच्या समितीला देशवार यादी दाखवावी. माझ्या मशीनवर कापलेला भाग कुणाच्या गावावर पडणार हे विचारायचा मला हक्क आहे असं मी मानतो.

सध्या जीईचं एफ-४१४ हे लढाऊ विमानाचं इंजिन भारतात बनवण्याची बोलणी चालू आहेत, सुमारे ८० टक्के तंत्रज्ञान मिळेल असं २०२३ पासून ऐकतोय. माझा प्रश्न उरलेल्या २० टक्क्यांत काय आहे हा आहे. टर्बाइनची पाती कशी ओततात, त्यावरचा लेप कसा देतात, हे त्या २० मध्ये असेल तर ८० च्या आकड्याला फारसा अर्थ नाही. आपल्या खासदारांनी हे विचारावं. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना मी लेखी देणार आहे की ऑफसेटची अट परत आणावी, आणि क्रेडिट देताना किती कोटींचं काम दिलं यापेक्षा इथल्या कारखान्याला डिझाइनमधला किती भाग समजावला, किती बदल करायची परवानगी दिली, यावर द्यावं. ज्यांनी ओझरला मिग किंवा सुखोईच्या लाईनवर काम केलंय, किंवा ज्यांच्या शॉपमध्ये असं ऑफसेटचं काम आलं आणि गेलं, त्यांनी खाली सविस्तर लिहा. निवेदनात नाव न घालता अनुभव जोडतो.