‘काका, स्टिकर वाचणं सोडा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

प्रतिक्रियेबद्दल आभार. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, तो भांडायला आला असला तरी.

मागच्या लेखात माळ्यावर सापडलेलं जुनं एजीपी कार्ड (संगणकाच्या स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड) मी टीएनटी-टू मॉडेलचं म्हणून ओळखलं आणि त्याची किंमत साडेतीन हजार लावली. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘काका, स्टिकर वाचून कार्ड ओळखणं सोडा आता. फोटोत मेमरीच्या चारच चिप दिसतात, म्हणजे हे एम-६४, टीएनटी-टूची स्वस्तातली आवृत्ती. ९९३२ हा आकडा चिपचा आहे, कार्डाचा नाही. आणि लोक मागतात तो भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे.’

आधी चूक कबूल करतो. ९९३२ म्हणजे १९९९ सालचा ३२वा आठवडा, आणि तो त्या मेमरी चिपचाच. कार्ड त्यानंतर कधीतरी जोडलं गेलं असणार. ‘ऑगस्ट १९९९ चं कार्ड’ असं मी लिहायला नको होतं. दुरुस्त केलंय. झालं?

आता ‘काका’. वय विचारू नका, पण तुमच्या पिढीचा कुणी रंकाळ्याला माझ्याबरोबर फेरी मारायला आला तर संध्यामठापर्यंत त्याला धाप लागेल. मुद्दा असेल तर मुद्दा मांडावा, नातं कशाला जोडायचं?

आणि ‘स्टिकर वाचून’! हे मला खरंच लागलं. १९९९ ला मी राजारामपुरीत एका दुकानात मशीन जोडायचो. दिवसाला चार-पाच कॅबिनेट उघडायचो. एसथ्री व्हर्जचं पीसीआय कार्ड, म्हणजे तेव्हाचं एक साधं ग्राफिक्स कार्ड, मी अंधारात नुसतं हातानं ओळखायचो. व्हूडू-टू कार्ड पहिल्यांदा आलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, हे एकटं स्क्रीनला लावलं तर काहीच दिसत नाही, खराब आहे. त्याला मी समजावलं, की हे फक्त थ्रीडीचं काम करतं, साधं चित्र दुसऱ्या कार्डाकडून वायरीनं याच्यात येतं आणि मग मॉनिटरला जातं. हे कुठल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं हो? त्या काळात टीएनटी-टूचे खोकेच्या खोके माझ्या हाताखालून गेले. त्यात एम-६४ चेही होते. त्यावर टीएनटी-टू मोठ्या अक्षरात आणि एम-६४ कोपऱ्यात असायचं. मालक म्हणायचे, टीएनटी-टूच सांग. आम्ही सांगायचो, लोक घ्यायचे. एकानंही कधी परत आणलं नाही. मग मला काय ओळखता येत नाही?

तुमचा चार चिपचा नियमही अर्धाच आहे. एम-६४ ची मेमरी बस (मुख्य चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता) ६४ बिटची, पुऱ्या टीएनटी-टूची १२८ची, हे बरोबर. पण १६ बिटच्या चार चिप म्हणजे ६४, आणि ३२ बिटच्या चार चिप म्हणजे १२८. म्हणजे नुसत्या चिप मोजून भागत नाही, चिपवरचा नंबर वाचावा लागतो. माझ्या फोटोत तो नंबर नीट आलेला नाही, हे खरं आहे. तरी पुन्हा फोटो काढण्याची गरज मला वाटत नाही. मुख्य चिपवरचं नाव हीटसिंकखाली, म्हणजे चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली आहे, आणि हीटसिंक डिंकानं असा चिकटवलाय, की ओढला तर चिपसकट हातात यायचा.

भावाचं म्हणाल, तर तो ज्याचा त्यानं ठरवावा. त्यावर वाद घालत बसायला मला वेळ नाही.

शेवटी तुम्ही, जरा खवचटपणे, ‘लावून आयडी तरी बघा’ असंही म्हणालात. आयडी म्हणजे मशीनमध्ये लावल्यावर कार्ड स्वतःची ओळख म्हणून देतं तो नंबर. आयडी ००२८ आला तर टीएनटी-टू, ००२डी आला तर एम-६४, एवढं मलाही माहीत आहे. पण लावू कशात? या कार्डाला एकच खाच आहे, लोखंडी पट्टीच्या बाजूची, म्हणजे हे ३.३ व्होल्टचं. घरातला मदरबोर्ड १.५ व्होल्टचा, त्यात ते बसतच नाही. (एकानं कानशीनं दुसरी खाच पाडून बसवलेलं मी पाहिलंय. बोर्ड गेला.) असं ३.३ व्होल्टचं कार्ड घेणारं माझं जुन्या ४४० बीएक्स बोर्डाचं मशीन २०१९ च्या पुरात शाहूपुरीत भावाच्या तळमजल्यावर होतं. चिखल धुतला, वाळवलं, पण ते पुन्हा सुरू झालं नाही.

तुमच्याकडे ४४० बीएक्सचा चालू बोर्ड असेल तर कळवा. कार्ड घेऊन मी येतो, तुमच्यासमोर लावू. तोवर लेखात टीएनटी-टूच राहील. आणि भेटल्यावर काका म्हणू नका.