‘गावठी कुत्र्याला सगळं पचतं’ हे खरं नाही

पोळ्यापासून आमच्या दारव्हा तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यात आमच्या बचत गटाचाही ग्रुप होता. थोडक्यात त्यात असं आहे: गावठी कुत्र्याला सगळं पचतं. हगवण लागली तर दूध-भाकर कुस्करून द्या. त्यात लसूण ठेचून घाला, जंत पडतात. दोन दिवस उपाशी ठेवा. तरी थांबलं नाही तर धान्य कायमचं बंद करून कच्चं मांस आणि हाडं द्या, कारण कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. डॉक्टरचे पैसे वाचवा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण यातलं लसणाचं वाक्य वाचून मला राहवलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सगळं पचतं’ हीच मुळात चूक आहे, आणि पुढच्या चुका तिच्यातूनच निघतात. गावठी कुत्रं काटक असतं, उन्हातान्हात टिकतं, हे मला मान्य आहे. पण जे टिकलं तेच आपल्या डोळ्यांपुढे असतं. हगून हगून कोठ्यामागं मेलेली पिल्लं कोणी मोजत नाही. शिवाय एकाच मायची दोन पिल्लं घ्या, एकाला कढी-भात चालतो आणि दुसऱ्याला त्याच घासानं पातळ होतं.

आमची कुत्री राणी वावरात जागलीला असते. चौदा किलोची, पिवळसर, एक कान कापलेला. दोन वर्षं तिचं पोट दर आठ-दहा दिवसांनी बिघडायचं. रात्री मचाणावर झोपलं की खाली तिच्या पोटातली गुडगुड ऐकू यायची, आणि पहाटे ती बांधावर जाऊन गवत खायची. आम्ही भाकर बदलली, पाणी बदललं. दुधाचा संशय कोणालाच आला नाही, कारण दूध म्हणजे पथ्याचं. सासूबाई रोज संध्याकाळी धार काढली की अर्धा गडवा दूध तिच्या टोपल्यात ओतायच्या. ते मी आठ दिवस बंद केलं तेव्हा त्या रागावल्या, ‘काहून वं, मुक्या जीवाच्या तोंडचं दूध तोडतं?’ सहाव्या दिवशी राणीची शी बांधून झाली. नवव्या दिवशी सासूबाईंनी गुपचूप दूध पाजलं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पाणी.

याचं कारण साधं आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा रस पिल्लाच्या आतड्यात भरपूर असतो. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेक कुत्र्यांत तो कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, जंतू तिच्यावर वाढतात, वायू धरतो. काही कुत्र्यांना थोडं दूध चालतं, ते चालू द्या. पण हगवण लागलेल्या कुत्र्याला दूध देणं म्हणजे आगीत तेल. विरजणात ही साखर थोडी कमी होते, म्हणून दही काहींना सोसतं. तेही पोट थाऱ्यावर असताना, आजारपणात नाही.

आता लसूण. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. त्यांतल्या गंधकाच्या द्रव्यांनी तांबड्या पेशी फुटतात आणि कुत्र्याला पंडुरोग होतो. कांदा दर किलो वजनाला 15 ते 30 ग्रॅम गेला तर कुत्र्याच्या रक्तात बिघाड दिसतो. म्हणजे आमच्या राणीला 210 ग्रॅमपासून धोका, साधारण दोन-तीन मध्यम कांदे. लसूण कांद्याहून जहाल, म्हणून तो त्याहून कमी पुरतो. शिजवल्यानं हा गुण जात नाही. रोज थोडं थोडं खाऊनही बाधतं. लग्नातला किंवा सावजी मटणाचा उरलेला रस्सा कुत्र्याला ओततो, त्यात कांदा-लसूण किती असतो ते आपल्याला ठाऊकच आहे. वरचं तेल आणि तिखट तर वेगळंच. त्रास त्याच दिवशी दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं उठत नाही. तोवर रस्सा कोणाला आठवत नाही.

आणि लसणानं जंत पडतात याला आधार नाही. जंताचं औषध डॉक्टरकडे किंवा मेडिकलवर स्वस्त मिळतं. पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, मोठ्याला साधारण दर तीन महिन्यांनी, वजन पाहून. ‘पोट नाजूक आहे’ असं ज्याच्याविषयी म्हणतो त्याच्या पोटात बऱ्याचदा नुसते जंत असतात. खाणं बदलायच्या आधी जंताचं औषध झालं आहे का, हे पाहा. अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, असतील तर शी काळपट होते, कुत्रं फिकं पडतं, आणि कितीही चांगलं खाऊ घातलं तरी अंगी लागत नाही.

दोन दिवस उपाशी ठेवायचं म्हणतात, त्यावर एवढंच: मोठ्या, धडधाकट कुत्र्यानं एखादी वेळ खाल्लं नाही तर बिघडत नाही, पण दोन दिवसांचा उपास नको. पाणी तर कधीच तोडू नका. पिल्लाला उपाशी ठेवणं जिवावर बेततं, त्याच्या रक्तातली साखर काही तासांत खाली येते आणि ते थरथरून लोळतं. त्याच संदेशाखाली कोणीतरी माणसाची अंगदुखीची गोळी द्या असंही लिहिलं होतं. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला घातक आहे, पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृत जातं. ते करू नका.

‘कुत्रा म्हणजे लांडगा, धान्य बंद करा’. हे शहरातून आलेलं आहे, आणि आमच्याकडं ते लागू नाही. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या रसाचं जनुक लांडग्यात दोनच प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं राहून हा फरक पडला असावा. झाडीपट्टीत भात, आमच्याकडं ज्वारी, ते खाऊन कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जगली. कुत्र्यांत अन्नाच्या अॅलर्जीच्या नोंदींत गोमांस, दूध आणि कोंबडी यांचा क्रम वर लागतो, मग गहू. म्हणजे धान्य सोडून रोज कोंबडी खाऊ घालणारा माणूस नेमकं नको तेच वाढत असू शकतो. भाकर वाईट नाही. नुसती भाकर अपुरी आहे, एवढंच.

कच्च्या मांसात जंतू असतात आणि ते घरातल्या लेकरांच्या हातापर्यंत येतात. हाडांवरून तर मला आखाडीचीच आठवण होते. शिजलेलं हाड चावताना अणकुचीदार तुकडे होतात, ते घशात किंवा आतड्यात रुततात, आणि बारीक भुगा झाला तर शी दगडासारखी होते. गेल्या आखाडीत शेजारच्या कुत्र्याला तीन दिवस बसता येईना. हाड उकिरड्यावर न टाकता पुरा, त्यावर जड दगड ठेवा.

मग बिघडलेल्या पोटाला काय द्यायचं? मऊ शिजवलेला भात, त्याच्या साधारण एक तृतीयांश कोंबडीचं उकडलेलं मांस, कातडं आणि हाड काढून. कोंबडी चालत नसेल तर उकडलेलं अंडं. चवीला आपल्याकडचं कोहळं, म्हणजे तो लाल भोपळा, उकडून थोडा. मीठ, तिखट, हळद, तेल काही नाही. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, तीन-चार दिवस. हे कायमचं खाणं नाही, यात कॅल्शियम फार कमी असतं, महिनोन्‌महिने दिलं तर हाडं ठिसूळ होतात, पिल्लाची तर वाकतात. नंतर नेहमीच्या खाण्याकडं सात ते दहा दिवस घेऊन वळायचं: आधी पाव भाग नेहमीचं, मग अर्धं, मग पाऊण. पिशवीतलं खाद्य घ्यायचं ठरलं तरी हीच चाल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी दूध, पाणी आणि भाकर एकदम बदलली असती तर दुधाचा पत्ता कधीच लागला नसता. वहीत दोन रकाने ठेवा, काय खाल्लं आणि शी कशी झाली. तीन आठवड्यांत चित्र उघडं होतं.

‘डॉक्टरचे पैसे वाचवा’ याला मात्र माझा पूर्ण विरोध आहे. लस न दिलेल्या पिल्लाला उलटी आणि रक्ताची हगवण लागली तर पार्व्हो, म्हणजे विषाणूचा जीवघेणा रोग, असू शकतो, त्यात भात-कोंबडी काही करत नाही, सलाईन लागते आणि तास मोजावे लागतात. फवारणीच्या दिवसांत कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, अंग थरथरत असेल, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या असतील, तर त्यानं फवारणीच्या पंपाचं किंवा डब्याचं पाणी चाटलं असेल. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, त्या औषधापुढं चौदा किलोचं कुत्रं काय? सरकीच्या ढेपेचंही तसंच. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य गाय-बैल बरंच सोसतात, रवंथ करत नाही त्या कुत्र्याच्या हृदयाला ते बाधतं. कोठ्यात ढेपेचं पोतं उघडं असेल आणि कुत्रं हाताच्या अंतरावर झोपत असेल तर पोतं आजच बांधा. अशा वेळी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा 1962 वर फोन करून तुमच्याकडं फिरतं पथक येतं का ते विचारा.

बचत गटात तो संदेश ज्या ताईंनी टाकला त्यांना मी फोन केला होता. त्यांनी लसणाची ओळ काढून पुन्हा टाकला, दुधाची तशीच ठेवली. राणीचं टोपलं आता सासूबाईच भरतात, भात, अंडं, कोहळ्याची फोड. दुधाचा गडवा त्या रोज माझ्यासमोर विरजायला लावतात.