प्लाझ्मा नेमका किती उशिरा द्यावा?

विषाणूजन्य आजाराची पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नसले, तरी ती आली की बऱ्या झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्मासाठी (रक्तातून पेशी वगळल्यावर उरणाऱ्या द्रवासाठी) आपली धावाधाव सुरू होणार, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तेव्हा कोविडच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण सर्वांनी मिळून जे कौशल्य कमावले, ते विस्मरणात जाऊ नये, म्हणून सुज्ञ वाचकांसाठी काही सूचना येथे देत आहे.

सुरुवात इतिहासापासून करावी, कारण इतिहास सांगणाऱ्याला सहसा कोणी आकडे विचारत नाही. जर्मन वैद्य एमिल फॉन बेरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी कितासातो यांनी १८९० मध्ये रक्तद्रवातून, म्हणजे सीरममधून, संरक्षण एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेता येते हे दाखवले आणि बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे सांगून थांबावे. ते सीरम प्राण्यांच्या रक्तातले होते आणि ते विषाणूवर नव्हे, तर घटसर्प आणि धनुर्वात यांच्या जिवाणूंनी सोडलेल्या विषावर चालत होते, हा तपशील श्रोत्यांना कंटाळवाणा वाटतो. खऱ्या विषाणूचे उदाहरण कोणी मागितलेच, तर अर्जेंटिनातील रक्तस्रावी ताप पुढे करावा. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत साधा प्लाझ्मा मिळालेल्यांत १६.५ टक्के असलेला मृत्युदर बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळालेल्यांत १.१ टक्क्यावर आला होता. हा प्लाझ्मा आजार सुरू झाल्यापासून आठ दिवसांच्या आत दिलेला होता, हे वाक्य मात्र खालच्या आवाजात म्हणावे.

कारण आपली खरी कामगिरी वेळेच्या बाबतीतच आहे. प्लाझ्मातून उसनी प्रतिपिंडे मिळतात, ती विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वी अडवतात, आणि म्हणून रुग्णाच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडे तयार करण्याच्या आत ती पोहोचली तरच त्यांचा उपयोग, असे हे साधे गणित आहे. अर्जेंटिनातच कोविडच्या काळात वयोवृद्ध रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत, भरपूर प्रतिपिंडे असलेला प्लाझ्मा देण्यात आला, आणि श्वसनाचा गंभीर त्रास होणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. आपण असा उतावीळपणा करू नये. ताप येताच पहिले तीन दिवस ‘वातावरण बदलले आहे’ असे म्हणावे, पुढचे काही दिवस तपासणीच्या अहवालाची वाट पाहावी, त्यानंतर खाटेसाठी फोन करावेत, आणि रुग्ण अतिदक्षता विभागात जाऊन यंत्राने श्वास घेऊ लागला, विषाणूचे काम आटोपून फुप्फुसांतील दाहाचे काम सुरू झाले, की मग ‘आता प्लाझ्मा हाच उपाय’ असे गंभीर चेहऱ्याने जाहीर करावे. वरातीमागून घोडे नेण्यात एक फायदा असतो, घोड्याची चाल कोणी पाहत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर ‘प्लासिड’ ही चाचणी घेतली, तीत उशिराचा प्लाझ्मा उपयोगी पडत नाही, हेच दिसले. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १५ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १४ टक्के रुग्ण दगावले. त्याहून मनोरंजक गोष्ट अशी, की चाचणीत दाखल होतानाच ८३ टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडे होती आणि त्यांची पातळी दात्यांच्या प्लाझ्मातील पातळीपेक्षा सरासरीने जास्त होती. म्हणजे रुग्णाने दात्याला दोन पिशव्या दिल्या असत्या, तर व्यवहार निदान तर्काला धरून झाला असता. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. देशी चाचणीवर विश्वास नसेल, तर ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत साडेअकरा हजार रुग्ण होते, आणि तेथेही दोन्ही गटांत २८ दिवसांतील मृत्यू २४ टक्केच भरले. असे निष्कर्ष हाती आले, की ते मोबाइलमध्ये जपून ठेवावेत आणि दुसरी लाट ओसरल्यावर वाचावेत.

आता प्रत्यक्ष शोधमोहिमेकडे वळू. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘कॉन्व्हलेसंट प्लाझ्मा (म्हणजे बऱ्या झालेल्याचा प्लाझ्मा), २ युनिट’ असे लिहून ती नातेवाइकाच्या हातात ठेवावी आणि पुढच्या खाटेकडे जावे. ज्याचे माणूस काचेपलीकडे आहे आणि ज्याला आत जाता येत नाही, त्याला काहीतरी काम हवेच असते. ते काम अशा रीतीने दिले, की रात्रभर तो फोन करत राहतो, आणि सकाळी ‘आम्ही सर्व प्रयत्न केले’ असे म्हणताना त्या प्रयत्नांत त्याचेही प्रयत्न धरता येतात. (या नातेवाइकाला हसण्याची माझी इच्छा नाही. चिठ्ठी त्याने लिहिलेली नसते.) संदेशात रक्तगट, रुग्णालय आणि ‘अर्जंट’ हा शब्द असावा, तारीख मुळीच नसावी, म्हणजे रुग्ण घरी परतल्यावर किंवा न परतल्यावरही तो संदेश महिनाभर फिरत राहतो आणि पुण्यातल्या रुग्णासाठी नांदेडहून फोन येत राहतात. ओ गटाचा दाता कोणालाही चालतो, असे आवर्जून सांगावे. रक्तपेशींच्या बाबतीत ते खरे असले, तरी प्लाझ्माच्या बाबतीत नेमके उलटे असून तेथे सर्वांना चालतो तो एबी गट, हे रक्तपेढीतील तंत्रज्ञाला सांगू द्यावे, म्हणजे त्याच्याशी भांडता येते.

दाता सापडला, की त्याचे वय, वजन आणि हिमोग्लोबिन पाहतात, बरे होऊन किती दिवस झाले ते विचारतात, आणि मग तो तासभर यंत्राला हात जोडून बसतो. यंत्र त्याच्या पेशी त्याला परत देते आणि फिकट पिवळे द्रव पिशवीत जमा होते. त्यात प्रतिपिंडे किती आहेत, हे विचारणे शिष्टाचाराला धरून नाही. महाराष्ट्र सरकारने २०० मिलिलिटरच्या पिशवीचा दर साडेपाच हजार रुपये ठरवून दिला होता. त्या पिशवीत नेमके काय असावे, याबद्दल ग्राहकाने तरी कधी आग्रह धरला? थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ती पिशवी दुचाकीवरून नेताना जो दिलासा मिळतो, तो कोणत्याही प्रयोगशाळेच्या मापात बसत नाही.

अधिकारी व्यक्तींनीही आपला वाटा उचलावा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे प्रमुख स्टीफन हान यांनी २३ ऑगस्ट २०२० रोजी अध्यक्षांच्या शेजारी उभे राहून सांगितले, की प्लाझ्मामुळे शंभरातील ३५ रुग्ण वाचले असते, आणि दुसऱ्याच दिवशी चूक कबूल केली. शंभरातील ३५ रुग्ण आणि मृत्युदरातील ३५ टक्क्यांची सापेक्ष घट (म्हणजे जे दगावले असते त्यांतलेच ३५ टक्के वाचणे), यांतला फरक त्यांना आदल्या दिवशी सुचला नसावा. आपल्याकडे जून २०२० च्या अखेरीस ‘प्लॅटिना’ हा प्लाझ्मा उपचाराचा प्रकल्प जगातील सर्वांत मोठा म्हणून सुरू झाला आणि त्याच आठवड्यात दिल्लीत देशातील पहिली प्लाझ्मा पेढी उघडली. कबुलीची वेळ आपल्यावर आली नाही, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची प्रगल्भता होय.

शेवटी १७ मे २०२१ रोजी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळण्यात आला. असा दिवस उगवला, तरी वाचकांनी खचून जाऊ नये. दात्यांच्या याद्या, रात्री फोन उचलणारे कार्यकर्ते आणि ‘अर्जंट’ लिहिण्याचा सराव हे सर्व शाबूत असते. त्या महिन्यात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले होते आणि अँफोटेरिसिनची इंजेक्शने मिळत नव्हती, तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपचे फक्त नाव बदलावे लागले. सदस्य तेच होते.