शेवेवरचा उंदीर आणि इंग्रजी दिलगिरी

दुपारपासून प्रत्येक ग्रुपवर तोच व्हिडिओ फिरतोय. दादरचं जुनं फरसाणचं दुकान, काचेमागे शेवेचा ट्रे आणि ट्रेच्या कडेवरून निवांत चाललेला उंदीर. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो मलाच पाठवलाय. उंदराचं मला फारसं काही वाटलं नाही, मुंबईत राहतो आपण. डोकं फिरलं ते संध्याकाळी, दुकानाच्या पेजवर आलेलं निवेदन वाचून.

लेटरहेडचा फोटो. मजकूर सगळा इंग्रजीत. सार असं, की आम्ही गुणवत्तेशी कधीच तडजोड करत नाही, काही लोक आमच्या नावाला काळिमा फासायचा प्रयत्न करताहेत, कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत, कायदेशीर कारवाईचा हक्क राखून ठेवतो. सही कोणाची? 'व्यवस्थापन'. त्यात उंदीर नाही, शेव नाही, दादरही नाही. खाली लोक मराठीत विचारताहेत, 'सकाळी अर्धा किलो नेलीय, पोरांनी खाल्लीय, काय करू?' त्यांना उत्तर नाही. आणि पाऊण तासाने त्याच पेजवर नवी पोस्ट: एक किलो चिवड्यावर पाव किलो शेव मोफत!

हसून घ्या. पण ती पोस्ट कोणी मुद्दाम टाकलेली नसते. आठवड्याच्या पोस्ट आधीच शेड्यूल करून ठेवलेल्या असतात आणि वेळ झाली की त्या आपोआप जातात. म्हणून बोंब झाली की माफीचा मसुदा लिहायला बसण्याआधी प्लॅनर उघडायचा आणि पुढचं सगळं थांबवायचं. मग चालू जाहिराती बंद करायच्या, नाहीतर लोक शिव्याही तुमच्याच पैशाने पसरवलेल्या जाहिरातीखाली देतात. मग व्हॉट्सॲप बिझनेसचा आपोआप जाणारा 'नमस्कार! आज काय पाठवू?' हा मेसेज बदलायचा. स्विगी-झोमॅटोवर तो पदार्थ बंद करायचा. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. पण पेजचा ताबा एजन्सीकडे, एजन्सीचा मुलगा गावी आणि लॉगिनचा ओटीपी जातो मालकांच्या टोरांटोतल्या चिरंजीवांच्या फोनवर, अशी अवस्था असते. दोन माणसं ॲडमिन हवीत आणि दोघंही मुंबईत हवीत. एवढं तरी करा हो.

आता पहिलं निवेदन. ते तासाभरात गेलं पाहिजे आणि त्याला पाच ओळी पुरतात. 'शेवेच्या ट्रेवर उंदीर दिसतोय तो व्हिडिओ आम्ही पाहिला. तो आमच्या दादरच्या दुकानातलाच आहे. काउंटर बंद केलंय, उघडा माल बाजूला काढलाय. आज शेव नेली असेल तर खाऊ नका, बिल असो वा नसो, पैसे परत देऊ. पुढची माहिती रात्री नऊला इथेच.' खाली मालकाचं नाव आणि उचलला जाईल असा फोन नंबर. झालं. यात कारण नाही, कारण ते अजून कळलेलंच नाही. आणि नऊ म्हणजे नऊ. सांगण्यासारखं काही नसलं तरी 'तपासणी चालू आहे, पुढचं उद्या सकाळी अकराला' एवढं टाकायचं. दिलेली वेळ चुकली की लोक पहिलं निवेदनही खोटं धरतात.

आणि मराठीत लिहा ना! हिंदीतही लिहा. शेव विरार लोकलमध्ये डब्यात घालून नेणारी माणसं आहेत ती. फोटोत नको, साध्या मजकुरात टाका. फोटोतलं वाक्य कोणाला कॉपी करून घरच्यांना पाठवता येत नाही. मूळ व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून पसरलाय, तेव्हा उत्तरही तिथे पळेल असं हवं. मालकांनी स्वतः दुकानात उभं राहून केलेला चाळीस सेकंदांचा उभा व्हिडिओ, खाली अक्षरं, कारण ट्रेनमध्ये निम्मे लोक आवाज बंद करून बघतात. मागे बंद काउंटर दिसू दे. देवघराचा फोटो आणि हात जोडलेले मालक नकोत.

'वकिलांनी सांगितलं, काही बोलू नका.' मला माहीत होतं हे येणार. ठीक आहे, वकील अगदीच चुकीचं सांगत नाहीत. लिहून दिलेली कबुली उद्या कागदपत्रांत येऊ शकते, म्हणून तपासाआधी दोष कोणाचा ते लिहू नये. पण घडलं काय आणि आता करतोय काय, हे सांगायला कोणता कायदा आडवा येतो? उलट व्हिडिओ काढणाऱ्याला नोटीस पाठवली की ती नोटीसच नवी बातमी होते. अब्रुनुकसानीचं कलम पूर्वी भादंविचं ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. त्यातला पहिलाच अपवाद लोकहितासाठी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीचा. आणि नोटिशीने बातमी कशी होते ते बघा: २००३ मध्ये अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडने कॅलिफोर्नियातल्या आपल्या बंगल्याच्या फोटोवरून ५ कोटी डॉलरचा दावा लावला. त्याआधी तो फोटो ६ वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले २ तिच्याच वकिलांचे. दाव्यानंतरच्या महिन्यात ४ लाखांवर लोक तो पाहून गेले.

व्हिडिओ खरंच खोटा असेल तर? असतातही, जुने, दुसऱ्या शहरातले. मग आधी पुरावा जमवा. भाववाढीआधीची पाटी, कामगारांचा गणवेश, भिंतीवरचं कॅलेंडर, यांतून तारीख सापडते. मूळ पोस्टची लिंक आणि वेळ स्क्रीनशॉटसकट ठेवा. आणि स्वतःच्या सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी उतरवून घ्या. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, भरला की जुन्यावर नवं चढतं, आणि नंतर 'फुटेज मिळालं नाही' म्हटलं की लोक म्हणतात, मिळवलंच नाही. कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, फाइलच्या हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे त्या फाइलच्या डिजिटल ठशासकट. ती फाइल उघडून कापाकापी करू नका, हॅश बदलतो.

दादरच्या दुकानाने मात्र रात्रीपर्यंत कमेंट उडवायला सुरुवात केली. अर्ध्या किलोवाल्या बाईंचीसुद्धा. तिचा स्क्रीनशॉट लगेच फिरला, अर्थातच. फेसबुकवर कमेंट नुसती लपवली तरी लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसत राहते, म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाच दिसते. शिवीगाळ, धमक्या, कोणाचा पत्ता-नंबर, एवढंच काढा. आणि तसं काढतो आहोत, हे पेजवर लिहून ठेवा.

आता खरा राग कुणाचा येतो ते सांगते. 'नाव साफ करून देतो' म्हणणाऱ्यांचा. हे लोक अशा रात्री मालकांना फोन करतात. एका रात्रीत पाच-पाच तारे देणारे शे-दोनशे रिव्ह्यू, सगळ्यांची भाषा एक, आणि त्या खात्यांनी कालच इंदूरच्या कुठल्याशा टायरवाल्याला पाच तारे दिलेले. गूगलला झुंबड दिसली की ते रिव्ह्यू काढतं, काही काळ नवे घेणंही थांबवतं, त्यात तुमचे खरेही अडकतात. दुसरी युक्ती कॉपीराइट स्ट्राइकची. दुसऱ्याने काढलेला व्हिडिओ 'आमचा आहे' म्हणून यूट्यूबला कळवायचं. समोरच्याने प्रतिदावा केला की १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो नसतोच. व्हिडिओ परत येतो, आणि या वेळी थंबनेलवर तुमचा चेहरा असतो. घाबरलेल्या म्हाताऱ्या मालकाकडून लाखभर उकळून त्याला आणखी खड्ड्यात ढकलणारे हरामखोर आहेत हे. असो.

काउंटरवरची पोरं मात्र बिचारी मधल्यामध्ये मरतात. शिव्या त्यांना, फोन त्यांना, मोबाइल त्यांच्याच तोंडासमोर. त्यांना निवेदन पेजवर जायच्या आधी सांगा. दोन वाक्यं कागदावर लिहून गल्ल्याला चिकटवा: 'पैसे परत देतोय. बाकीची माहिती अमुक साहेब देतील, हा नंबर.' कॅमेऱ्यासमोर वाद घालू नका, मोबाइलला हात लावू नका. स्टाफच्या ग्रुपवर 'कोणी व्हिडिओ काढू दिला, त्याची हजेरी कापतो' असलं काही लिहाल तर तेही रात्री बाहेर येईल. व्हिडिओ कोणी काढला हे शोधणं त्या दिवशीचं काम नव्हेच.

आणि हो, प्रत्येक कुरकुरीला पत्रक काढायचं नसतं, हेही मान्य. एकाची तक्रार, पाहणारे पन्नास, तर तिथेच उत्तर द्या आणि गप्प बसा.

पण इथे एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, येणार. आल्यावर सॅम्पलचे चार भाग होतात. चौथा भाग मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, असं मालक मागू शकतो. बहुतेक मागतच नाहीत, खर्च वाचवतात. फूड ॲनालिस्टचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा. तेवढे दिवस पेजवर शुभेच्छांची कार्डं टाकण्यापेक्षा पेस्ट कंट्रोलची तारीख टाका, भिंतीतलं कोणतं बीळ बुजवलं त्याचा फोटो टाका, उघड्या ट्रेवर झाकणं कधी बसली ते टाका. अहवाल आला की पूर्ण टाका, बरा असो वा वाईट.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या निघाल्या, इथेच, आपल्या एफडीएने माल जप्त केला. कंपनी आधी दुकानदारांच्या साठवणुकीवर ढकलत होती. जाहिरातीत अमिताभ आले ते लोकांना आठवतं, पण त्याच सुमारास वेष्टन बदललं, सीलबंद झालं, हे कोणी आठवत नाही. नुसते अमिताभ आले असते तर? आणि २०१५ ची मॅगी. 'आमचा माल सुरक्षित आहे' हेच पालुपद किती दिवस! ५ जूनला बंदी आली. १३ ऑगस्टला आपल्याच हायकोर्टाने ती रद्द केली, लॅब आणि प्रक्रिया दोन्हींवर बोट ठेवून, तरी पाकीट दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. कोर्टात जिंकूनही मधले महिने गेलेच. नेस्लेला ते झेपलं. दादरच्या एका दुकानाला पाच महिने झेपतील?

दुकानाचं नाव कमेंटमध्ये लिहू नका, उडवेन. कमेंट उडवू नका हे मी दुकानदारांना सांगितलंय, स्वतःला नाही.