हद्दीवर वळणारी बस

आज पुन्हा तेच पाहिलं आणि डोकं फिरलं. शहराची हद्द संपते त्या पाटीपाशी बस रिकामी झाली, वळली, परत गेली. एक बाई लेकरू कडेवर घेऊन पलीकडच्या शहराच्या थांब्याकडे चालत निघाली. तिथे पुन्हा वेगळं तिकीट.

बस तिथे का वळते? पुढच्या किलोमीटरचा तोटा कुणाच्या खात्यात जायचा, हे कुणी ठरवलेलंच नसतं. बांधकामाला सगळी सरकारं हौसेने एकत्र येतात, कोनशिलेवर सगळ्यांची नावं लागतात. पण बांधकामाचा खर्च एकदाच. पगार, वीज, देखभाल यांची तूट दरवर्षी येते. आणि करारातलं नेमकं तेच पान कोरं!

स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये ते पान लिहिलेलं आहे. १९९० पासून तिथे बस-रेल्वेसाठी सगळ्या गावांचा मिळून एकच परिवहन संघ आहे. तूट निम्मी प्रांताने, निम्मी गावांनी भरायची. गावांचा वाटा ८० टक्के मिळणाऱ्या सेवेवर आणि २० टक्के करक्षमतेवर, म्हणजे गाव करातून किती उभं करू शकतं त्यावर. गाड्या जास्त हव्यात? पैसे जास्त भरा.

एकच तिकीट केलं की काम झालं असंही नाही. तिकीट विकलं त्यालाच पैसे, असा नियम ठेवला की मोठ्या स्टेशनवाल्याची चांदी होते. प्रवासी तिथवर आणून सोडणारी बस तोट्यात जाते आणि मग तिच्याच फेऱ्या कापतात. म्हणून जमा एका पेटीत ठेवायची आणि ठरावीक काळाने मोजणी करून प्रवासी-किलोमीटरप्रमाणे, म्हणजे कुणी किती प्रवासी किती लांब नेले त्यावर, वाटायची. वेळापत्रकही तसंच. रेल्वे दर ३० मिनिटांनी आणि बस दर २० मिनिटांनी असेल, तर तासातून एकदाच गाठ पडते. बस १५ मिनिटांनी करा, प्रत्येक गाडीला जोड मिळेल.

हो, अशा संघात मोठं शहर लहान गावांना गिळेल ही भीती अगदीच खोटी नाही. तोट्याची वाटणी ठरवायला दुहेरी बहुमत ठेवा: लोकसंख्येचंही आणि सदस्यसंख्येचंही. पण त्या भीतीपोटी बाहेर पडायचं दार सताड उघडं ठेवू नका. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या काउंट्यांनी (म्हणजे जिल्ह्यांनी) मिळून उभारायच्या बार्ट या रेल्वेच्या योजनेतून डिसेंबर १९६१ मध्ये सॅन मटेओ काउंटी बाहेर पडली, १९६२ मध्ये मरीन. पाच काउंट्यांच्या तीन उरल्या. मरीनमध्ये आजही बार्ट नाही. साठ वर्षं! बाहेर पडायचं तर काही वर्षांची नोटीस आणि कर्जातला वाटा चुकता, हे कलम पहिल्याच दिवशी हवं.

लिहिता लिहिता राग जरा निवळला, पण ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. संघ, सूत्र, काही तिच्या कामाचं नाही. तीच बस दोन थांबे पुढे जायला हवी, बस्स. त्यासाठी नवा कायदाही नेहमी लागत नाही. गाडी कुणाची, हद्दीपलीकडच्या किलोमीटरचा दर किती, बिल कुणी कोणत्या तारखेला भरायचं आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, एवढं एका कागदावर लिहून दोन आयुक्तांनी सह्या करायच्या. मोठे आराखडे निघतील तेव्हा निघतील, हा कागद आधी काढा.