फूटभर बांध कोणाला अडवणार?

‘हॉल रोड स्वस्तात कसा करावा’ (हॉल रोड म्हणजे खाणीतला डंपरचा रस्ता) असा एक मेसेज खाणवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. वणीकडच्या ओपनकास्टवर, म्हणजे उघड्या खाणीवर, नुकताच सुपरवायझर म्हणून लागलेल्या भाच्याने तो पाठवून विचारलं, ‘मामा, हे खरं का?’ बहुतेक सगळं खोटं.

‘कडेला फूटभर बांध पुरे, ड्रायव्हरला कड दिसली म्हणजे झालं.’ कड दाखवायला चुना फासलेले दगडही चालतील. बांध असतो तो भरकटलेलं चाक अडवायला. 100 टनी डंपरचा टायर साधारण 2.7 मीटर उंच असतो. फूटभर मातीवरून तो सहज पलीकडे जातो. अमेरिकेच्या खाण-सुरक्षा नियमात बांध निदान सर्वांत मोठ्या वाहनाच्या अ‍ॅक्सलच्या मध्याइतका उंच हवा, म्हणजे इथे सुमारे 1.35 मीटर. आपल्या खाणीच्या परवानगीत जास्त उंची सांगितली असेल, तर तीच. सुटा माल दीडास एक उताराने (आडवं दीड, उभं एक) बसतो, म्हणून एवढ्या बांधाचा पाया चार मीटर होतो. तो रस्त्याच्या रुंदीतून खायचा नाही, वेगळा धरायचा. आणि इतकं करूनही तिरकं, हळू येणारं चाकच वळेल. वेगात सरळ आदळलेला डंपर थांबेलच असं नाही. मग फूटभर कशाच्या भरवशावर?

‘चढ वाढवा, रस्ता आखूड, डिझेल वाचेल.’ हिशेब करू. 30 मीटर चढायला 8 टक्क्यांनी 375 मीटर रस्ता लागतो, 12 टक्क्यांनी 250. रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे चाक फिरताना रस्त्याचा होणारा अडथळा, 2 टक्के धरला तर ओढायचं काम (लांबी गुणिले चढ अधिक रेझिस्टन्स) 37.5 वरून 35 वर येतं, जेमतेम 7 टक्के बचत. उलट 8 टक्क्यांच्याच चढावर खराब पृष्ठभागाचा 4 टक्के रेझिस्टन्स ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरवून 2 वर आणला, तर काम 45 वरून 37.5 होतं. बचत दुपटीहून जास्त, आणि उताराला ब्रेकही तापत नाहीत.

‘डंपर चालून चालून रस्ता आपोआप दबतो.’ हे अर्धं खरं, मान्य. दगडी ओबीची (खनिजावरून काढलेल्या दगड-मातीची) पातळ थरांची भर भरलेल्या डंपरनेच छान दबते. पण खाली वणीची काळी माती असेल, तर मागच्या एकेका चाकाचा 26 टनांहून जास्त भार तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून मीटरभराहून जाड भर लागते. नुसत्या मुरुमाच्या थराला पहिल्याच पावसात चाकोऱ्या पडतात.

‘दोन डंपर शेजारून गेले की रुंदी पुरे.’ नाही; दुतर्फा वाहतुकीला सरळ रस्त्यावर सर्वांत मोठ्या गाडीच्या साडेतीन पट धरतात, वळणावर त्याहून जास्त.

राहिलं धूळ बसवायला मारायचं पाणी. ‘जितकं जास्त तितकं बरं’ हे रॅम्पवर, म्हणजे चढ-उताराच्या रस्त्यावर, तर मुळीच नको. तिथे टँकरने सलग न मारता मध्ये कोरडे पट्टे सोडायचे, म्हणजे घसरलेल्या चाकाला पुन्हा पकड मिळते.