‘लिनक्सवर चालत नाही’ या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला, सोबतचे फोटोही पाहिले. रियाज रेकॉर्ड करायला तुम्ही आमच्याकडून दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं उपकरण, नेलात. तक्रारी अशा: खोक्यावर फक्त विंडोज आणि मॅक लिहिलंय, आवाज तडतडतो, रेकॉर्डिंग एकाच कानात ऐकू येतं, आणि लिनक्सवाल्यांच्या गळ्यात आम्ही काहीही मारतो. ही शेवटची गोष्ट मला मान्य नाही. का, ते इथेच लिहितो, म्हणजे याच पेचात असलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

खोक्यावर लिनक्सचं नाव छापणाऱ्या कंपन्या फार थोड्या. म्हणून आम्ही उपकरण ‘क्लास कंप्लायंट’ आहे का, हे बघतो. म्हणजे यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या नियमांनी चालणारं. त्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्सची आवाजाची यंत्रणा, अल्सा, हिचा यूएसबी ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो. तुमच्याच फोटोत तुमच्या मिंट २२ ने (तुमच्या लॅपटॉपवरच्या लिनक्सने) उपकरण ओळखलेलं दिसतंय. तुम्हाला आवडलेला, जास्त बटणांचा दुसरा इंटरफेस मी मुद्दाम दिला नाही. त्याचा रिव्हर्ब आणि आतला मिक्सर कंपनीच्या ॲपमधूनच चालतो आणि ते ॲप लिनक्ससाठी नाही. ज्याचे जादा पैसे मोजायचे तेच तुम्हाला वापरता आलं नसतं.

आता तडतड. तुमच्या दुसऱ्या फोटोत पीडब्ल्यू-टॉप, म्हणजे आवाजाच्या यंत्रणेवरचा भार दाखवणारं टूल, उघडलेलं आहे. त्यात क्वांटम (बफर, म्हणजे एका तुकड्यातले सॅम्पल किंवा नमुने) ६४, रेट (सेकंदाला किती सॅम्पल) ४८,००० आणि शेजारी एररचा आकडा चढलेला. ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. तेवढ्यात लॅपटॉपला आवाजाचा प्रत्येक तुकडा पोचवावा लागतो. मध्येच ब्राउझर किंवा वाय-फायने वेळ खाल्ला की तुकडा हुकतो आणि तड ऐकू येते. इतका छोटा बफर गिटारचा आवाज सॉफ्टवेअरच्या ॲम्पमधून ऐकत वाजवणाऱ्यांना किंवा मिडी कीबोर्डवाल्यांना लागतो. तुम्ही गाता. इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण दाबा. तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येईल. मग क्वांटम १०२४ ठेवला तरी, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, गाताना काहीच अडत नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो आणि सूर लावणं अवघड होतं.

एकाच कानाचं म्हणाल तर इंटरफेस बिघडलेला नाही. माइक पहिल्या इनपुटला आहे आणि सिस्टिम दोन्ही इनपुट मिळून एक स्टिरिओ जोडी समजते, त्यामुळे पहिला इनपुट डावीकडेच जातो. साउंड सेटिंगमध्ये, किंवा पावुकंट्रोल हे आवाजाच्या सेटिंगचं ॲप असेल तर त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये, ‘प्रो ऑडिओ’ प्रोफाइल निवडा आणि मोनो ट्रॅकवर रेकॉर्ड करा.

खोक्यातल्या कोडवर मिळणारं सॉफ्टवेअर विंडोज-मॅकचंच आहे, त्याचा नाद सोडा. नुसता गळा टिपायचा तर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पुढे हार्मोनियम, तबला वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा झाला तर आर्डर हे अनेक ट्रॅकचं सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या साइटवर तयार पॅकेजचे पैसे लागतात, पण मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते फुकट मिळतं. पैसे देणं जमत असेल तर जरूर द्या. इतकं काम करणारं सॉफ्टवेअर माणसं सांभाळतात म्हणूनच टिकतं. रीपर या तशाच सॉफ्टवेअरचीही लिनक्ससाठी आवृत्ती आहे.

लिनक्स काढून विंडोज इन्स्टॉल करायचा विचार असेल तर त्याआधी एकदा दुकानात या. लॅपटॉप, चार्जर, तीच यूएसबी केबल आणि माइक घेऊन या. मधला यूएसबी हब वापरत असाल तर तो घरीच ठेवा. समोर बसून तुम्ही गा, आपण रेकॉर्ड करून ऐकू. तरीही तडतड राहिली तर इंटरफेस ठेवून जा, पूर्ण पैसे त्याच दिवशी परत देईन. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी संध्याकाळी पाचनंतर मी स्वतः असतो.